तेलाची चौदा भोकं

लांबी वाळायला किती वेळ लागतो, याचं एकच उत्तर नाही. यंत्राला रंग देण्याआधी बिडाच्या अंगावरच्या खाचाखोचा बुजवायला जो राखाडी लगदा भरतात, ती लांबी. पावसाळ्यात तिला तीन दिवस लागतात, थंडीत दीड, वैशाखात एक. बहात्तर साली मात्र ऐन श्रावणात ती चार तासांत वाळत होती. सकाळी नऊला भरायची आणि दुपारी एकला नख टोचून बघायचं. नख आत जात नसे.

त्या साली अख्खं गाव वर बघत होतं आणि मी खाली, लांबीकडे. आभाळ कोरडं म्हणजे रंगाला चांगलं. हा विचार मनात आला की मी इकडेतिकडे बघून घ्यायचो, जणू कुणाला तो ऐकू गेला असेल.

यंदाचा भाद्रपद ओला आहे. चार दिवसांपूर्वी भरलेल्या लांबीवर बोट ठेवलं तर अजून ठसा उठतो. नवरात्र तोंडावर आलंय, खंडेनवमीच्या आत सगळी यंत्रं रंगवून व्हायला हवीत, पण काम अडलंय. वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून नगर-मनमाड रस्त्यावरच्या गाड्या बघत बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. मी आता पन्नाशीला आलोय. टर्पेंटाइनचा वास, खरवडलेल्या रंगाचा चुरा, ओल्या गोणपाटाखाली झाकलेलं बीड, हे दर वर्षीचंच आहे. तरी वास तोच आला की साल मात्र दर वेळी एकच आठवतं.

मी मूळचा नगरचा. आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो, नगरमध्येच एका छोट्या कारखान्यात लागलो आणि कोल्हारच्या शकुंतलेशी लग्न झालं. सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, कोल्हारला रस्त्याच्या कडेला वर्कशॉप. ऑइल इंजिनं, गुऱ्हाळाचे चरक, विहिरीवरचे पंप, सगळं तिथे दुरुस्त व्हायचं. मामांना दोन मुली, मुलगा नाही. धाकटी कोपरगावला दिलेली. एकोणसत्तर साली मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी निरोप धाडला, दोन महिने येऊन बसा, डोळे सुधारले की जा. मी दोन महिन्यांसाठी आलो. डोळे सुधारले नाहीत. एका डोळ्याला धुरकट दिसायचं, दुसऱ्याला तेवढंही नाही. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली.

इथे मला कुणी डांबून ठेवलं होतं असं नाही. उलट जावई म्हणून मान इतका होता की श्वास घ्यायला जागा उरत नसे. पंगतीत पहिला पाट माझा. भाकरीवर तूप माझ्या ताटात आधी. मामा मला कधी एकेरी बोलले नाहीत, कधी चूक दाखवली नाही, कधी आवाज चढवला नाही. आणि ज्याच्यावर कुणी आवाज चढवत नाही त्याला आवाज चढवताही येत नाही. मामा म्हणतील ते "बरं" म्हणायचं. वर्कशॉपच्या मागेच घर, मध्ये एक भिंत. इंजिन सुरू झालं की त्याचा ठोका आमच्या खोलीतल्या फडताळापर्यंत यायचा आणि फडताळातले कप एकमेकांवर आपटायचे. मी कामावर जायचो म्हणजे सतरा पावलं चालायचो. संध्याकाळी सतरा पावलं परत. रविवारी सुटी असली तरी ती सतरा पावलं मी चालायचोच, कारण दुसरीकडे कुठे जायचं तेच कळत नसे.

शकुंतलेचं मात्र हे माहेर होतं. तिला इथे कसली अडचण असणार, असं मी धरून चाललो होतो.

बहात्तरच्या ज्येष्ठात मला पत्र आलं. नगरजवळ नागापूरला नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. तिथल्या एका कारखान्यात मी परीक्षा देऊन आलो होतो. काम तपासणीचं. दुसऱ्यांनी केलेले भाग मोजायचे आणि पास-नापास ठरवायचं. माझ्यासारख्या माणसाला याहून चांगलं काम पृथ्वीवर नव्हतं. राहायला खोली मिळणार होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर व्हावे, असं पत्रात लिहिलं होतं. चार महिने हातात होते.

मामांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, काही दिसलं नसणार, तरी घडी घालून परत दिलं.

"जा की," म्हणाले. "आमी काय अडवलंय व्हय? येवढं एक लेथ येतंय बगा, तेवढं उभं करून द्या. मग रस्ता मोकळा हाय."

ते लेथ आठ दिवसांनी ट्रकमधून आलं. कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंगच्या वर्कशॉपमधून मामांनी लिलावात घेतलेलं. विलायती. आमच्याकडे एक लहान लेथ होतं, पण त्यावर लांब काम बसत नसे. आणि त्या साली सगळं कामच लांब झालं होतं. विहिरींचं पाणी खाली खाली जात होतं, म्हणून जो तो पंप खाली सोडत होता. पंप खाली सोडायचा म्हणजे पाइप वाढवायचा, शाफ्ट वाढवायचा, नवे आटे पाडायचे. लोक बैलगाडीत पाइप घालून दहा-बारा मैलांवरून यायचे आणि आम्ही त्यांना नाही म्हणायचो. दहा फुटी बेड, म्हणजे बिडाचा लांब पाया, असलेलं हे लेथ मामांना त्यासाठीच हवं होतं. त्यात त्यांची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही.

ट्रकमधून उतरवलं तेव्हा ते यंत्र वाटतच नव्हतं. अंगावर रंग, रंगावर तेल, तेलावर कापसाची धूळ, असं करत करत सगळ्या कडा गोल झाल्या होत्या. गुऱ्हाळाची एक फुटकी काहील सांधून आणली, तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळलं आणि सुटा होईल तो प्रत्येक भाग तिच्यात घातला. रंग सालीसारखा सुटून वर आला. जे सुटं होत नव्हतं ते खरवडलं. वरचा थर पोपटी. त्याखाली निळा. मग तांबडा ऑक्साइड, मग राखाडी, पुन्हा हिरवा, पुन्हा राखाडी, आणि सगळ्यात खाली, बिडाला लागून, काळा. एक जाडसा तुकडा अखंड निघाला, तो मी मायक्रोमीटरमध्ये धरून मोजला. सात थर, एकतीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

प्रत्येक थराच्या वेळी कुणीतरी असं ठरवलं असणार की आता हे नवं झालं. खालचं कुणीच काढलं नव्हतं.

रंग निघाल्यावर खरं लेथ दिसलं. बेडवर, काम पकडणाऱ्या चकच्या जवळच्या दोन-अडीच फुटांत, सगळ्यात जास्त काम जिथे होतं तिथे, घसर होती, म्हणजे झिजून पडलेला खोलगा. सरळ पट्टी ठेवून मोजली तर नऊ थाऊ. डोळ्यांना दिसत नाही, पण काम करताना जाणवते. ती काढायची म्हणजे बाकीचा सगळा बेड हाताने खरवडून तेवढाच खाली आणायचा. पट्टीला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, पट्टी बेडवरून फिरवायची. जिथे उंचवटा तिथे शेंदूर लागतो. तेवढा ठिपका खरवडायचा, पुसायचं, पुन्हा शेंदूर, पुन्हा पट्टी. एका फेरीला बेडच्या वीतभर भागाला पाऊण तास.

दोन आठवड्यांत डबीतला शेंदूर संपला. सासूबाईंकडे, मामींकडे, मारुतीचा होता, तो मागितला.

"देवाचा शेंदूर लोखंडाला?" मामी म्हणाल्या.

मामा ओट्यावरून म्हणाले, "त्येच्यावर तुजी चूल पेटती. त्यो काय देव न्हाई व्हय?"

मामींनी दिला, पण कपाळाला हात लावून.

नऊचे सहा झाले तेव्हा मामा चाचपडत आले. बेडवरून तळवा फिरवला. "लई गुळगुळीत लागतंय. झालं की."

"अजून सहा थाऊ आहे मामा."

"सा थाऊ म्हंजी किती?"

"जाड कागदाएवढं."

ते हसले. "आवो जावईबापू, पायपाला आटे पाडायचेत. इमानाचा भाग करायचा न्हाई." आणि लगेच, मी दुखावलो असेन म्हणून, "पर तुमचं चालू द्या. तुमास्नी कळतं त्ये आमाला कुटं कळतंय."

रस्त्याच्या पलीकडच्या लिंबाखाली पाइप घेऊन आलेली माणसं बसलेली असत. लेथ कधी सुरू होतंय याची वाट बघत. त्यांच्यात बबनराव म्हणून एक होते, उंच, दाढी वाढलेले, पाथरे गावाकडचे. त्यांची वीस फुटांची विहीर आता चाळीस फूट खोल झाली होती आणि पंप मात्र वरच लोंबकळत होता. ते दर चार दिवसांनी येत, दारात उभे राहत आणि माझ्याकडे बघत.

"दाजी, नवरीला अजून किती हळद लावायची?"

"झालं, आठ दिवस."

"मागल्या आठ दिवसांपूर्वी बी आठच हुते." मग लिंबाकडे तोंड करून ओरडत, "चला रं, बैलं जुपा. नवरीचं अजून तोंड धुनं चाललंय!" सगळे हसत. मीही हसायचो. पण त्यांच्या गाडीतले पाइप तसेच परत जाताना एकमेकांवर वाजायचे आणि तो आवाज नदीच्या पुलापर्यंत ऐकू यायचा.

खरवडण्यात गेलेल्या या सहा आठवड्यांकडे मी आज बघतो तेव्हा मला एक गोष्ट नीट कळत नाही. मला जायचं होतं. दार उघडं होतं. अट एकच होती, लेथ उभं करून द्यायचं, आणि ते कधी उभं झालं म्हणायचं हे ठरवणारा मीच होतो. सहा थाऊवर थांबलो असतो तर श्रावणातच नागापूरला जाऊन खोली बघून आलो असतो. पण पट्टी फिरवली की कुठेतरी शेंदूर लागायचाच. तो दिसल्यावर मला पुढे जाता येत नसे. मामांनी बांधलेल्या दोरीपेक्षा ही घट्ट होती, आणि ती सोडवायला दुसरं कुणी नव्हतं. दुपारी पत्र्याखाली अंगाची लाही व्हायची, खरवडणीने उजव्या तळहाताला फोड आला, फुटला, पुन्हा आला. सहाचे पाच, पाचचे साडेतीन. दोन थाऊवर आलो आणि भाद्रपद संपला.

पुढे रंग. मला मूळचा काळा द्यायचा होता. मामांना पोपटी, कारण धुरकट डोळ्याला तेवढाच दिसायचा. ट्रकच्या मागे मोर आणि कमळं काढणारे चाँदभाई म्हणून पेंटर रस्त्यावरच बसायचे, त्यांना बोलावलं. शेवटी राखाडी ठरला. त्यात मामांनाही दिसेना आणि माझंही झालं नाही.

चाँदभाई ब्रश घेऊन लेथाभोवती दोनदा फिरले. "साहेब, येवढं मोठं मशीन न् अंगावर एक फूल नाही? इधर एक कमळ काढतो. छोटंसं."

"नको."

"बरं, कमळ नको. 'शुभ लाभ' तरी?"

"काही नको. नुसता रंग. आणि पातळ."

"जावई लोक लई कडक," ते मामांना म्हणाले. मामा म्हणाले, "कडक हायेत म्हून तर लेथ सरळ झालं."

माझ्याबद्दल मामांनी तोंडावर केलेलं ते एकमेव कौतुक. ते ऐकून मला निघून जाणं आणखीच अवघड झालं.

रंग देण्याआधी एक काळजी घ्यावी लागते. लेथाच्या अंगावर जागोजाग तेल घालायची बारीक भोकं असतात. त्यांत लांबी किंवा रंग गेला तर ती बुजतात आणि आतल्या फिरत्या भागाला तेल मिळत नाही. म्हणून प्रत्येक भोकात कापूस गुंडाळलेली आगपेटीची काडी घट्ट बसवायची, टोकाकडून मोडायची, वरून रंग द्यायचा आणि रंग वाळल्यावर काड्या उपसायच्या. आमच्या लेथाला अशी चौदा भोकं होती. मी चौदा काड्या बसवल्या. मीच बसवल्या आणि मीच मोजल्या.

खंडेनवमीला सकाळी काड्या काढल्या. एकेक उपसून पत्र्याच्या डबीत टाकत होतो. शेवटी डबी ओतून मोजल्या. तेरा.

पुन्हा मोजल्या. तेरा.

घरातून मामींची हाक आली, पाणी तापलंय, आंघोळीला चला, पूजेची वेळ होतेय. शकुंतला ताट घेऊन दारात उभी होती, चाँदभाई झेंडूच्या माळा लावत होते. मी मनाशी म्हणालो, एक झाडताना गेली असेल. झाडलेला केर दारात होता, तो मी चाळला नाही. चौदा भोकं एकदा बघून घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. नऊ थाऊसाठी सहा आठवडे दिलेल्या माणसाने ती दोन मिनिटं दिली नाहीत.

मग पूजा झाली. शकुंतलेने लेथाला कुंकवाची बोटं लावली, नारळ फुटला. आमच्याकडे पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी आणि रात्रभर लेथ फुलांखाली होतं आणि मी घरात. अकरा, बारा, तेरा असे आकडे डोक्यात फिरत होते. पण आता हात लावायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर लावायचा नाही हे मला बरं वाटत होतं.

दसऱ्याला दुपारी मुहूर्त. लिंबाखालची सगळी माणसं आत आली होती, तीस-चाळीस जण. बबनरावांचा पाइप पहिला लावायचा ठरलं होतं. माझी बस साडेचारची. शकुंतलेने ट्रंक बांधून खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवली होती. मुहूर्ताचं पहिलं तेल घरातल्या मोठ्या माणसाने घालायचं, ही रीत. मामा तेलाचा डबा घेऊन पुढे झाले. एका हाताने चाचपून भोक शोधायचे, दुसऱ्याने चोच टेकवायची. लेथाचा मुख्य दांडा ज्यात फिरतो त्या मोठ्या पेटीच्या मागच्या अंगाला, जिथे कुंकू होतं, तिथे त्यांनी तेल ओतलं. ते आत गेलं नाही. राखाडी रंगावरून कुंकवाला घेऊन खाली ओघळलं, लाल रेघ करत.

मी ते बघितलं. दोन हातांवरून बघितलं.

मामांचा हात धरून "थांबा" म्हणायचं होतं. चाळीस माणसांसमोर, दसऱ्याच्या मुहूर्ताला, न दिसणाऱ्या सासऱ्याचा हात जावयाने धरायचा. त्यांनी तीन वर्षांत माझी एकही चूक दाखवली नव्हती. मी स्वतःला म्हणालो, भोक भरलं असेल, म्हणून तेल बाहेर आलं.

पट्टा चढवला. इंजिनाचा ठोका बसला आणि लेथ फिरायला लागलं. आवाज इतका एकसारखा होता की लोक बोलायचे थांबले. पाइपावर पहिला आटा उतरला, स्वच्छ, चकचकीत. बबनरावांनी तो बोटाने चाचपला आणि टोपी काढून लेथाला नमस्कार केला. "दाजी, नवरी चांगली निघाली हो."

अर्धा तास ती चांगली चालली. मग आधी वास आला, जळक्या तेलाचा, मग शिट्टीसारखा बारीक आवाज. पट्टा घसरला, पुलीवरून उडून पत्र्यावर आपटला. मुख्य दांडा मागच्या बुशात, म्हणजे त्याला पेलणाऱ्या गनमेटलच्या नळीत, तापून, फुगून, धरून बसला होता. लेथ जाम. निळा धूर झेंडूच्या माळांमधून वर चालला होता.

 मामांनी धुराच्या दिशेने मान वळवली.

"काय झालं?"

"मागचा बुश गेला."

"कशानं?"

"तेल पोचलं नाही."

 त्यांना वाटलं असणार, आपल्याला दिसत नाही, आपल्या हातून तेल बाहेर पडलं. मी ते तसंच वाटू दिलं. मग ते म्हणाले, "गाडी कितीची हाय तुमची?"

"साडेचारची."

"मग निगा की. हुईल हितलं कायतरी. तुमचा खोळंबा नको."

ते मनापासून म्हणाले होते. मी शर्टाची बटणं सोडली, शर्ट खुंटीला अडकवला आणि पाना घेतला. पेटीचं झाकण काढलं तेव्हा काडी सापडली. रंगाने माखलेली, कापसासकट भोकात घट्ट. ती मी खिशात टाकली. कुणी बघितली नाही.

नवा बुश नगरहून ओतून आणून, हाताने कोरून बसवायला तेवीस दिवस लागले. तोवर बबनरावांनी जनावरं दुष्काळी चारा-छावणीत नेऊन बांधली. त्यानंतर ते आले तेव्हा दारातून ओरडले नाहीत, चेष्टा केली नाही. पाइप उतरवला, ओट्यावर बसून राहिले. ते माझ्यावर रागावले असते तर चाललं असतं. नागापूरला मी पत्र लिहिलं, अडचण कळवली. जागा भरली असल्याचं उत्तर आलं. दोन ओळींचं.

पुढे काय सांगायचं? राहिलो. मामा गेले, मामी गेल्या, वर्कशॉपच्या पाटीवर माझं नाव आलं. लेथ अजून आहे, अजून सरळ आटा पाडतं, दर वर्षी खंडेनवमीआधी मी त्याला एक हात रंग देतो. आधीचा खरवडून मगच. नागापूरच्या कारखान्याला आता बिल्डिंगा झाल्यात. माल आणायला कधी त्या बाजूला जातो तेव्हा फाटकाकडे नजर न वळवता पुढे जातो.

हे सगळं मी शकुंतलेला कधी सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी लांबी वाळत नव्हती, पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि ती दारात गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. का कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं.

"त्या साली लेथ जाम झालं ना, मामांच्या हातून झालं नव्हतं ते. मागच्या भोकात काडी राहिली होती. एक काडी कमी आहे, हे मला पूजेआधी माहीत होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "मला बी," ती म्हणाली.

"काय मला बी?"

"कुंकू लावताना बोटाला लागली. रंगाखाली बारीक टोक आलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुमीच ठिवलीया."

 तिने शेंगांचा ढीग सुपात लोटला. "सा आठवडं त्या लोखंडाला घासत हुता. ज्याला जायचं आसतं त्ये मानूस येवढं घासतंय व्हय? म्हनलं, ह्यांचं मन हितंच हाय. आपन बोललो तर चारचौघांत ह्यांची पंचाईत हुईल."

"अगं, मला जायचं होतं."

"मग मला कधी म्हनला का तसं?"

म्हणालो नव्हतो. पत्र मी मामांना वाचून दाखवलं होतं.

"आणि तुला?" मी विचारलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. "तुला इथंच राहायचं होतं ना? माहेर होतं तुझं."

 तिने हसण्यासारखं काहीतरी केलं.

"नागापूरच्या खोल्यांना घरातच नळ हायेत, आसं बाबांस्नी सांगत हुता तुमी. भितीआडून ऐकलं मी. दसऱ्यापत्तोर दुसरं कायबी डोक्यात आलं न्हाई. नुसता नळ."

ती सूप घेऊन आत गेली. मी स्टुलावर बसून राहिलो. त्या साली प्रवरेच्या पात्रात वाळूत खड्डे खणून बायका वाटीवाटीने हंडे भरत असत. लेथाचा त्या सालचा प्रत्येक आकडा मला आजही तोंडपाठ आहे. ती दिवसातून नदीवर किती खेपा घालत होती, ते मला सांगता येत नाही. मी मोजल्या नव्हत्या.